पहिली ऑर्डर स्वतःचीच

घरगुती मसाले, लोणची ऑनलाइन विकायची असतील, तर दुकान जाहीर करण्याआधी स्वतःच एक ऑर्डर द्या. साध्या मोबाइलवरून, खऱ्या पैशांची. पेमेंट गेटवे चाचणीच्या स्थितीतच राहिला असेल, तर ते इथेच कळतं. नाहीतर ऑर्डरी येत राहतात, पैसे येत नाहीत. मग तीच ऑर्डर रद्द करा आणि परतावा खात्यात जमा होईपर्यंत थांबा. ही पायरी हमखास गाळली जाते, आणि गिऱ्हाइकाचा विश्वास नेमका तिथेच तुटतो. चुकीचा पिनकोड टाकून पाहा. शेवटची बरणी विकली गेल्यावर ‘शिल्लक नाही’ असं दिसतं का, तेही.

ही ऑर्डर देतानाच दुकान नियमांत बसतं का, तेही तपासा. ग्राहक संरक्षण कायद्याखालच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता, सर्व आकारांसह एकूण किंमत, मालाचा मूळ देश आणि परताव्याच्या अटी स्पष्ट दिसायला हव्यात. तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो; तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्याभरात. संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवणं चालत नाही. खाद्यपदार्थांसाठी एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांकही हवाच.