साठ की आठ?

ऑपस, म्हणजे इंटरनेट कॉलमध्ये आवाज आकसून पाठवणारा कोडेक, त्याचा परवाना आणि पेटंटं यांवर आज लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. वडप्यातून एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न मला सोडवत नाही. ते नाशिक हायवेलगतच्या गोडाऊनमध्ये माल उतरवून घेतात. ऑफिसशी सगळं बोलणं इंटरनेट कॉलवर. पत्र्याच्या शेडखाली गेलं की ‘साठ बॉक्स’ म्हटलेलं पलीकडे ‘आठ बॉक्स’ ऐकू येतं, असं ते लिहितात.

‘साठ’मधला स गेला की ‘आठ’च उरतो, आणि स हा कोडेकच्या हातून निसटणारा आवाज. ‘आ’ म्हणताना स्वरतंतू थरथरतात, त्याला भरपूर जोर असतो. स म्हणजे दातांमधून सुटणारी नुसती हवा. तिचा बराचसा जोर ४००० हर्ट्‌झच्या वर. जुना टेलिफोन ३४०० हर्ट्‌झच्या आसपासच थांबायचा. ऑपस त्याच्या खूप वर जातो, पण अ‍ॅपने डेटा वाचवण्यासाठी बिटरेट फार खाली आणला तर तोही वरचा पट्टा सोडून देतो.

ही काटकसर मला कधीच पटलेली नाही. नेहमीच्या कॉलमध्ये दर २० मिलिसेकंदाला एक पॅकेट निघतं, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येकावर पत्त्याबित्त्याचे ४० बाइट असतात. त्यांचेच सेकंदाला १६ किलोबिट झाले. आवाज १६ वरून ८ किलोबिटवर आणला तरी एकूण खर्च ३२ वरून २४ वर येतो. तेवढ्यासाठी स घालवायचा?

पत्र्याखाली मात्र दुसरंच दुखणं असतं. सिग्नल अडखळतो आणि पॅकेटं गळतात. एखादं गळलं की ऑपस मागचाच आवाज थोडा लांबवून भोक बुजवतो. ‘आ’च्या मधलं गेलं तर कळतही नाही. पण ‘साठ’मधल्या स च्या आधी असते शांतता, म्हणून लांबवली जाते ती शांतताच! शांततेत पॅकेटं पाठवणं थांबवायची सोय अ‍ॅपने चालू ठेवली असेल आणि ती उशिरा जागी झाली, तर स ची सुरुवात तिथेही कापली जाते.

गळतीवर ऑपसमध्ये २०१२ पासूनच उपाय आहे. प्रत्येक पॅकेटमध्ये आधीच्या पॅकेटची हलकी प्रत घालता येते. मात्र अ‍ॅप लिहिणाऱ्याने ती मुद्दाम चालू करावी लागते, शिवाय किती टक्के गळती अपेक्षित आहे तेही एन्कोडरला सांगावं लागतं. हा दुसरा आकडा शून्यावरच राहिला तर पहिली सोय असून नसल्यासारखी. कोड उघडा असल्यामुळे हे आपल्याला स्वतः वाचून पाहता येतं. बंद कोडेकमध्ये नुसता तर्क करत बसावं लागलं असतं.

सलग पाच-सहा पॅकेटं गेली, म्हणजे जवळजवळ अख्खा स गेला, तर ही एक प्रत पुरत नाही. मार्च २०२४ मध्ये आलेल्या ऑपस १.५ मध्ये मागच्या जवळपास सेकंदभराच्या आवाजाचा सारांश सोबत पाठवता येतो. पण त्यासाठी दोन्ही टोकांना नवी आवृत्ती लागते, आणि ती सोयही चालू करावी लागते.

तोपर्यंत पत्रलेखकांनी आकडा सांगताना ‘साठ, सहा-शून्य’ म्हणावं. त्यातला स गळला तरी ‘आठ’ होत नाही.