आगीतला समंदर आणि वावरातला बेडूक

फारसी आणि उर्दू शायरीत ‘समंदर’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक अर्थ सागर. तो सर्वांना ठाऊक आहे. दुसरा अर्थ आहे आगीत जन्मणारा आणि आगीतच जगणारा एक प्राणी. इश्काच्या आगीत सुखाने राहणाऱ्या आशिकाला शायरांनी या समंदराची उपमा दिली. हा शब्द मूळ ग्रीक भाषेतला. इंग्रजीत तोच ‘सॅलमँडर’ झाला.

गंमत अशी, की खरा सॅलमँडर आगीपासून दूर पळणारा जीव आहे. त्याला ओल लागते, गारवा लागतो, सावली लागते. युरोपातल्या जंगलात तो कुजक्या ओंडक्यात दडून बसायचा. लोक तो ओंडका शेकोटीत टाकायचे आणि चटका बसताच हा बिचारा बाहेर धावायचा. बघणाऱ्यांना वाटले, आगीतूनच निघाला! समजूत अशी पसरली असावी, असे अभ्यासक सांगतात.

दिसायला हा पालीसारखा, पण पालीचा सोयरा नव्हे. पालीच्या अंगावर खवले असतात, याची कातडी उघडी आणि ओलसर असते. तो बेडकाच्या कुळातला, म्हणजे उभयचर. या कुळाची तीन घराणी आहेत. पहिले बेडकांचे, त्यात सात हजारांहून अधिक जाती आहेत. दुसरे शेपटीवाल्या सॅलमँडरांचे, त्यात आठशेच्या वर जाती. तिसरे घराणे बिनपायाचे. गांडुळासारखे दिसणारे हे प्राणी जमिनीखाली राहतात. मराठीत त्यांना देवगांडूळ म्हणतात.

आपल्या महाराष्ट्रात सॅलमँडर नाही. भारतात तो पूर्व हिमालयाच्या बाजूला, दार्जिलिंगपासून मणिपूरपर्यंतच्या डोंगरांत आढळतो. दार्जिलिंगजवळच्या जोरपोखरी येथे त्याच्यासाठी छोटेसे अभयारण्य राखलेले आहे. इतर दोन घराणी मात्र आपल्याकडे आहेत. सिंधुदुर्गातल्या आंबोलीत २००३ मध्ये देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली आणि तिला निसर्गअभ्यासक जे. सी. डॅनियल यांचे नाव दिले गेले. त्याच आंबोलीच्या एका भेकाला २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळाले. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून नावातही वाघ. एवढ्याशा टापूत राहणारा हा भेक आज अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

आता कुणी म्हणेल, दार्जिलिंगच्या आणि आंबोलीच्या गोष्टी अकोला-अमरावतीकरांना कशाला? त्याचे उत्तर या प्राण्यांच्या कातडीत आहे.

उभयचर प्राणी कातडीतून श्वास घेतात. सॅलमँडरांच्या एका मोठ्या गटाला तर फुप्फुसेच नाहीत. कातडी आणि तोंडातला ओला पडदा, एवढ्यावर त्यांचे भागते. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, तो ओल्या जागेवर बसतो आणि पोटाच्या कातडीतून पाणी आत ओढतो. त्याच्या अंड्याला कोंबडीच्या अंड्यासारखे टरफल नसते, बुळबुळीत आवरण तेवढे असते. म्हणजे पाण्यात जे असेल ते याच्या अंगात जाणार. आपल्याला दार लावून घेता येते, या जिवाला दारच नाही.

२०२३ मध्ये उभयचरांची दुसरी जागतिक पाहणी प्रसिद्ध झाली. आठ हजारांहून अधिक जाती तपासल्या गेल्या. त्यातल्या शंभरामागे सुमारे ४१ जाती धोक्यात आहेत. सॅलमँडरांचे तर पाचातले तीन. पक्षी आणि सस्तन प्राण्यांची स्थिती यापेक्षा पुष्कळ बरी आहे. कारणे तीन मुख्य. राहण्याची जागा जाते, हवामान बदलते आणि रोग पसरतो. रोग म्हणजे एक बुरशी. ती कातडीवरच वाढते आणि प्राणी मरतो. नेदरलँड्समधले आगसॅलमँडर २०१० नंतरच्या काही वर्षांतच जवळजवळ संपले, ते अशाच एका बुरशीमुळे. ती २०१३ मध्ये ओळखली गेली. बेडकांना ग्रासणारी तिची बहीण आपल्या सह्याद्रीच्या उत्तर भागातही सापडली आहे.

आता वऱ्हाडाकडे वळू. आपली माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या दमदार पावसाच्या रात्री डबक्याडबक्यांतून ओरड सुरू होते. मोठ्या बेडकाचे नर पिवळेधमक होतात. गळ्याच्या दोन्ही बाजूंनी निळ्या पिशव्या फुगतात. जमिनीत दडणाऱ्या बेडकाच्या मागच्या पायांना खुरप्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती उकरून तो कोरडे महिने जमिनीखाली काढतो आणि पावसाची चाहूल लागताच वर येतो. अंडी डबक्यात पडतात. पुढे शर्यत लागते. डबके आटण्याआधी पिल्लाची शेपटी गळून पाय फुटले पाहिजेत. मध्येच पावसाने खंड दिला तर डबक्यातली सारी पिल्ले मरतात. शेतकऱ्याची दुबार पेरणी आणि बेडकाची ही गत, दोन्हींचे कारण एकच. शेतकरी निदान कर्ज काढून पुन्हा बियाणे आणतो. बहुतेक बेडकांची सारी मदार पहिल्या पावसांवरच असते.

त्यातून आपली फवारणी. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. माणसाची कातडी जाड, अंगात कपडे, तरी ही दशा. मग त्याच वावराच्या धुऱ्यावरच्या, उघड्या कातडीच्या बेडकाचे काय होत असेल? अमेरिकेत रिक रेल्या या जीवशास्त्रज्ञाने २००५ मध्ये दाखवले, की ग्लायफोसेट हे तणनाशक असलेले एक औषध पाण्यात मिसळले की बेडकांची पिल्ले मोठ्या प्रमाणावर मरतात. मारणारा घटक मुख्यतः त्यातला साबणासारखा पदार्थ होता. औषध पानाला चिकटावे म्हणून तो घालतात.

बेडूक गेल्याने बिघडते काय? हिशेब करू. अमेरिकेतल्या हबर्ड ब्रूक जंगलात १९७५ मध्ये मोजणी झाली. तिथल्या साऱ्या सॅलमँडरांचे वजन साऱ्या पक्ष्यांपेक्षा जास्त भरले. डोळ्यांना न दिसणारा हा जीव जंगलातल्या किड्यांचा मोठा खाणारा निघाला. आपल्याकडे बेडकाच्या तंगड्या परदेशी पाठवण्याचा धंदा जोरात होता. हजारो टन माल जाई. बेडूक घटले तर पिकावरची कीड कोण खाणार, हा प्रश्न पुढे आला आणि १९८७ मध्ये सरकारने ही निर्यात बंद केली. कोस्टारिका आणि पनामा या देशांत बुरशीने बेडूक मेल्यावर माणसांतला हिवताप वाढला, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. डासांची पोरे खाणारे कमी झाले, डास वाढले.

आपल्या पूर्वजांना शास्त्र ठाऊक नव्हते, तरी एवढे कळत होते, की बेडूक आणि पाऊस यांचा काही संबंध आहे. पाऊस लांबला की खेड्यात धोंडी निघायची. मुसळाला बेडूक आणि कडुनिंबाचा पाला बांधून पोरे दारोदार पाणी मागत. आज बेडूक बांधायची गरज नाही. मात्र त्या प्रथेतले ‘याच्यावाचून आपले चालत नाही’ हे शहाणपण टाकण्यासारखे नाही.

करायचे काय, तर साध्या गोष्टी. फवारणीचा पंप नाल्यात किंवा डबक्यात धुऊ नये, औषधाचे रिकामे डबे तिथे फेकू नयेत. वावराच्या कोपऱ्यातले एखादे डबके बुजवू नये, धुऱ्यावरचे गवत सगळेच जाळू नये. शेततळ्यात प्लॅस्टिक अंथरलेले असते आणि त्याच्या गुळगुळीत उतारावरून भेकाला वर चढता येत नाही. तिथे एखादा दोर किंवा गोणपाट सोडून ठेवावे. शाळांतल्या गुरुजींनी मुलांना सांगावे, की पहिली डरावडराव कोणत्या तारखेला ऐकली ती वहीत लिहा. दहा वर्षांच्या अशा वह्या जमल्या, तर अमरावतीच्या वडाळी तलावापासून अकोल्याच्या काटेपूर्णेपर्यंतचा पाऊस आणि बेडूक कसे बदलले, ते आपल्यालाच वाचता येईल.

शायरांचा समंदर आगीत जगत होता, कारण तो कल्पनेतला होता. आपल्या वावरातला बेडूक खरा आहे. त्याला ओल हवी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)