समुपदेशक घडतो कसा?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बऱ्हाणपूरचे एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा भंवरकुआ भागात राहून स्पर्धापरीक्षेच्या शिकवणीला जात असे. झोप नाही, छातीत धडधड, भूक मंदावलेली. हृदयालेख, थायरॉईड, रक्ततपासणी सारे निर्दोष निघाले. मी चिठ्ठीवर लिहिले, "समुपदेशन घ्यावे." वडिलांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, कोणाकडे?" एका फलकावर वाचलेले नाव मी सांगून मोकळा झालो. दोन बैठकांत मुलाला वेळेच्या नियोजनावर आणि आईवडिलांच्या कष्टांवर व्याख्यान ऐकावे लागले. तिसऱ्या बैठकीला तो गेलाच नाही. चौकशी केली तेव्हा कळले, त्या व्यक्तीचे शिक्षण सहा आठवड्यांच्या वर्गापुरते होते. शल्यक्रियेसाठी रुग्ण पाठविताना मी इतका निष्काळजी कधीच झालो नसतो.

समुपदेशन या शब्दाच्या पोटातच उपदेश दडला आहे, हे त्या शब्दाचे दुर्दैव. वास्तविक या व्यवसायाच्या प्रशिक्षणाचा मोठा भाग उपदेश न करण्याचाच असतो.

कायद्याची स्थिती प्रथम पाहू. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमान्वये चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला परिषदेच्या नोंदवहीत नाव असावे लागते. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्ण परिचारिका व मनोविकार समाजकार्यकर्ता यांच्या व्याख्या आहेत. समुपदेशकाची मात्र नाही. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या कायद्याने समुपदेशकांना आपल्या अनुसूचीत स्थान दिले, परंतु ती व्यवस्था रुळण्यास अवधी लागेल. आणि इकडे गरज तर दारात उभी आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा, असे निर्देश दिले. शिकवणीवर्गही त्यातून सुटलेले नाहीत. आपल्या इंदूरला अशी किती माणसे लागतील, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

ही माणसे तयार कशी होतात? मानसशास्त्रातील दोन वर्षांची एम.ए. ही पहिली पायरी. त्यात व्यक्तिमत्त्वाचे सिद्धान्त, मनोविकृतीशास्त्र, चाचण्या, संख्याशास्त्र शिकविले जाते. परंतु केवळ ही पदवी म्हणजे, आपल्या भाषेत सांगायचे तर, शरीररचनाशास्त्र उत्तीर्ण होऊन वॉर्डात पाऊल न टाकलेला विद्यार्थी. चिकित्सा-मानसशास्त्रात त्यापुढे दोन वर्षांची एम.फिल. असे. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. बंद झाली, या विषयापुरती २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुभा देण्यात आली. म्हणून आपल्या मुला-पुतण्यांपैकी कोणी या वाटेने जाऊ इच्छीत असेल, तर शुल्क भरण्यापूर्वी पुनर्वास परिषदेची मान्यताप्राप्त संस्थांची यादी अवश्य पाहावी.

खरे शिक्षण पर्यवेक्षणाखालील कामात होते. शिकाऊ समुपदेशक व्यक्तीसमोर बसतो. तिच्या संमतीने संभाषण ध्वनिमुद्रित होते. नंतर ज्येष्ठ पर्यवेक्षक ते थांबवून थांबवून ऐकतात. "इथे तिचा आवाज भरून आला, आणि तुम्ही परीक्षेचा विषय काढलात. का?" या एका प्रश्नातून जे कळते, ते पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या आपल्या ग्रंथात एका व्यक्तीशी झालेल्या सर्व बैठकांचे शब्दशः मुद्रित संभाषण छापले, तेव्हापासून बंद खोलीतील हे काम तपासता येण्याजोगे झाले. शांततेत स्वस्थ बसणे, आत्महत्येचा विचार मनात येतो का हे सरळ शब्दांत विचारणे (विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनाही ठाऊक नसते), गोपनीयता कोठे संपते हे आरंभीच सांगणे, आणि हा रुग्ण माझ्या आवाक्याबाहेरचा आहे हे ओळखून बाणगंगेच्या मानसिक चिकित्सालयात वा मनोविकारतज्ज्ञाकडे वेळीच पाठविणे, हे सारे असेच अंगी मुरते.

आपल्यापैकी कित्येकांची मुले अमेरिकेत आहेत, म्हणून तेथील प्रमाण सांगतो. तेथील मान्यताप्राप्त समुपदेशन पदव्युत्तर अभ्यासक्रमात साठ श्रेयांक, शंभर तासांचा प्राथमिक सराव व सहाशे तासांची आंतरवासिता असते. परवान्यासाठी बहुतेक राज्यांत त्यापुढेही पर्यवेक्षित कामाची अट आहे. आपल्याकडेही जागा अगदीच नाहीत असे नव्हे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात उभी केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ मराठी वाचकांच्या परिचयाची आहेच.

आता चिठ्ठी लिहिण्यापूर्वी मी दूरध्वनी करून तीनच गोष्टी विचारतो: पर्यवेक्षणाखाली किती तास काम केले, आजही कोणाला आपले काम दाखविता का, आणि मनोविकारतज्ज्ञाकडे रुग्ण केव्हा पाठविता. पुष्कळांना प्रश्नच विचित्र वाटतात. एका तरुणीने मात्र शांतपणे सांगितले, "सहाशेच्या वर तास झाले, सर, पण अजूनही दर शनिवारी माझ्या बाईंसमोर बसते." बऱ्हाणपूरच्या त्या मुलाला मी तिच्याकडे पाठविले. तो चौथ्या बैठकीलाही गेला.