घरी येणारा कॅमेरा

खेळणी फार लागत नाहीत. घरातला डबा, दोन चमचे, एखादी गाडी एवढ्यावर भागतं. आई मुलासमोर जमिनीवर बसते आणि घरी आलेली कार्यकर्ती त्या दोघांचं आठ-दहा मिनिटं चित्रण करते. त्या वेळात ती मुलाला काही शिकवत नाही, आईलाही टोकत नाही. तिचं खरं काम चित्रण संपल्यावर सुरू होतं. दोघी शेजारी बसून तेच पडद्यावर पाहतात, थांबवतात, मागे नेतात, पुन्हा पाहतात.

समजा, मूल गाडीचं चाक फिरवतंय. आई विचारते, ‘कुठला रंग आहे? सांग ना, कुठला?’ मूल मान वर करत नाही. तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर आई गप्प होते, चाकाकडे बघत नुसतं ‘गर्रर्र’ म्हणते, आणि मूल तिच्याकडे पाहतं. दोन सेकंद, फार तर तीन. खेळण्याच्या भरात ती नजर आईच्या ध्यानातही आलेली नसते. कार्यकर्ती चित्र नेमकं तिथं थांबवते आणि विचारते, ‘इथं काय झालं?’ उत्तर आईनंच शोधायचं असतं.

ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांसोबत या रीतीनं काम करणारा ‘पास’ नावाचा कार्यक्रम गोव्यात ‘संगत’ या संस्थेनं आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या संशोधकांनी उभा केला. संगतची स्थापना १९९६ची. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना नीट शिकवलं, तर तीही नैराश्यासारख्या आजारांत उपचारांचं काम करू शकतात, हे या संस्थेनं गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये दाखवून दिलं होतं. तोच विश्वास तिनं ऑटिझमकडे वळवला. हे धाडस मोठं होतं, कारण मूळ पद्धत होती ब्रिटनमधल्या वाचा-भाषा उपचारतज्ज्ञांच्या हातातली. ‘पॅक्ट’ या नावानं लंडन, मँचेस्टर आणि न्यूकॅसल इथल्या १५२ मुलांवर झालेली तिची चाचणी २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. तेव्हा आईवडिलांचं वागणं स्पष्टपणे बदललेलं दिसलं, पण ऑटिझमच्या लक्षणांवरचा परिणाम तोकडा होता. सुमारे सहा वर्षांनंतर तीच मुलं पुन्हा तपासली, तेव्हा उपचार मिळालेल्यांमध्ये लक्षणांची तीव्रता कमी आढळली.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत असे तज्ज्ञ आणायचे कुठून? म्हणून ‘पास’मध्ये तज्ज्ञाची जागा प्रशिक्षित कार्यकर्तीनं घेतली आणि दवाखान्याची जागा घरानं. दर पंधरवड्याला एक बैठक, सहा महिन्यांत बारा. मधल्या दिवसांत रोज अर्धा तास आईनं किंवा वडिलांनी मुलाशी ठरल्याप्रमाणे खेळायचं. मोठ्या माणसानं मुलासोबत खाली बसून खेळणं आपल्या घरांत तितकंसं रुळलेलं नाही, त्यामुळे सुरुवात पुष्कळदा तिथूनच करावी लागते.

या रचनेतली सगळ्यांत विलक्षण गोष्ट म्हणजे कार्यकर्तीचा संयम. काय चुकलं ते तिला दिसत असतं, तरी ती ते दाखवत नाही. जे जमलं तेवढंच दाखवते. मुलाच्या आजारासाठी सासरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांकडून दोष ऐकत आलेल्या बाईला, तिच्यामुळे मुलानं वळून पाहिलं याचा पुरावा पडद्यावर मिळतो. तिच्या हातात औषधाची बाटली देण्यापेक्षा हे कितीतरी मोलाचं आहे.

२०१६ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त दोन्ही ठिकाणचे निष्कर्ष आले. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं होती; ३२ ‘पास’च्या गटात, ३३ नेहमीच्या उपचारांवर. ‘पास’च्या गटात पालक मुलाच्या कलानं बोलू लागले आणि मुलं आपणहून त्यांच्याशी संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ या गटात घटला. अपेक्षेच्या उलट गेलेली ही बाबही संशोधकांनी लपवली नाही, आणि म्हणूनच बाकीच्या निष्कर्षांवर भरवसा ठेवावासा वाटतो. पुढे झोप, खाणं, शी-शू अशा रोजच्या अडचणींची भर घालून ‘पास प्लस’ तयार झाला आणि दिल्लीत त्याची मोठी चाचणी हाती घेतली गेली.

‘पास’च्या चाचणीत कार्यकर्तीमागे देखरेखीची साखळी होती. तिनं केलेलं चित्रण स्थानिक पर्यवेक्षक पाहायचे आणि त्यांना ब्रिटनमधले तज्ज्ञ मार्गदर्शन करायचे. चाचणी संपली, निधी आटला, की ही साखळी कुणी धरायची?

सरकारकडे गाड्या आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्यातली फिरती पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता असतात आणि तपासायच्या आजारांच्या यादीत ऑटिझमचं नाव आहे. पण पथकानं तपासायचं आणि पुढे जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवायचं. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यावरून नंदुरबार गाठायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. अनोळखी गर्दीत, एसटीच्या आवाजात बिथरणारं मूल सोबत असेल, तर दुसऱ्या खेपेला कुटुंब येईलच असं नाही. ‘पास’सारखं काम घराऐवजी त्या केंद्रात करायचं, तर बारा खेपा लागतील.

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचंही तेच. दिव्यांग हक्क कायदा २०१६नं ऑटिझमला मान्यता दिली. तीव्रता मोजायला भारतीय मापनश्रेणी आहे, तिच्यात ४० मुद्दे आहेत. ती भरायला मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ हवेत, आणि दूरच्या तालुक्यांत तेच नसतात. निदान होण्यातच मुलाची कोवळी वर्षं निघून जातात.

घरोघरी जाणारं माणूस म्हणून सगळ्यांची नजर आशाताईंकडे वळते. लसीकरण, बाळंतपण, क्षयरोग, सर्वेक्षण हे सगळं त्यांच्याच अंगावर, आणि मोबदल्यासाठी त्यांना वारंवार संपावर जावं लागतं. तासभराची बैठक पंधरवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी घ्यायची, तर तिचा वेगळा मोबदला हवा, वेळापत्रकात जागा हवी आणि चित्रण पाहून आशाताईंना चार शब्द सांगणारा पर्यवेक्षक जिल्ह्याच्या केंद्रात पगारावर हवा. हे पद मंजूर झाल्याशिवाय कॅमेरे खरेदी करून उपयोग नाही.