ऋणाग्रावरील विष

विष म्हटले की सजीवाचा मृत्यू डोळ्यांपुढे येतो. निर्जीव धातूलाही विषबाधा होते हे ऐकून नवल वाटेल. पण रसायनशास्त्रात हा शब्द रूढ आहे, आणि तो केवळ अलंकारिक नाही.

आम्लात धातूची पट्टी ऋणाग्र म्हणून ठेवून वीज सोडली, की तिच्यावर हायड्रोजनचे बुडबुडे उमटतात. आम्लातील आयन धातूकडून इलेक्ट्रॉन घेतो आणि अणुरूपाने पृष्ठभागाला चिकटतो. पुढे दोन अणूंची जोडी जमली म्हणजे रेणू होऊन तो निसटतो. प्लॅटिनमवर हा व्यवहार अल्पशा जादा विद्युद्दाबात उरकतो. त्या द्रवात हायड्रोजन सल्फाइडचा अंश मिसळला, तर गंधकाचे अणू पृष्ठभागावरील जागा बळकावतात. खेळ संपला तरी खुर्ची न सोडणाऱ्या प्रेक्षकांप्रमाणे ते बसून राहतात, आणि तेवढाच वायू मिळवण्यास अधिक दाब द्यावा लागतो.

लोखंडाची गोष्ट याहून घातक. तेथे गंधक, सोमल, अँटिमनी यांची संयुगे मुख्यतः अणूंची जोडी जमण्यास अडथळा करतात. बुडबुडे मंदावतात; पण एकाकी अणू पृष्ठभागावर साचतात आणि त्यांतील काही धातूच्या अंतरंगात शिरतात. रेणूला तेथे वाट नसते, अणूला असते. वरून निर्दोष दिसणारे बळकट पोलाद मग साध्या ताणानेही, कधी कित्येक तासांनी, अवचित तडकते. आम्लात बुडवलेले लोखंड ठिसूळ होते, आणि काही काळाने पुन्हा चिवट होते, हे विल्यम जॉन्सन यांनी १८७५ मध्येच लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले होते.

म्हणूनच मुलामा दिलेले उच्च बळाचे पोलादी भाग सुमारे २०० अंश सेल्सियसला काही तास तापवतात, म्हणजे अडकलेला हायड्रोजन बाहेर पडतो. वसईच्या समुद्रातील गंधकयुक्त वायू हजीऱ्याला नेणाऱ्या नळासारख्या ठिकाणी तो उपाय चालत नाही. तेथे पोलादाची निवडच जपून करावी लागते.

प्रयोगशाळेत मात्र हेच विष मुद्दाम घालतात. देवनाथन आणि स्टाखुर्स्की यांनी १९६२ मध्ये वर्णिलेल्या पात्रात धातूचा पातळ पत्रा दोन कप्प्यांमधील भिंत असतो. एका बाजूने आत शिरलेला हायड्रोजन पलीकडे निघताच त्याचा इलेक्ट्रॉन काढून घेतात, आणि वाहणाऱ्या प्रवाहावरून किती अणू पार झाले ते मोजतात.