सत्तांतराचा भाव : सट्टाबाजार ते भाकीत-बाजार

निवडणूक जवळ आली की जालन्याच्या मोंढ्यात दोन भाव विचारले जातात. एक सोयाबीनचा, दुसरा सीटचा. पहिला लिलावात सर्वांसमोर ठरतो. दुसरा कुठेच लिहिलेला नसतो, तरी दुपारच्या चहापर्यंत सगळ्यांना पाठ होतो. राजस्थान कधी न पाहिलेला माणूसही ‘फलोदीत काय चाललंय?’ म्हणून विचारतो. अलीकडे त्यात पॉलीमार्केटची भर पडली आहे. या बाजारांची तुलना मी करतो आहे ती पैसे कुठे लावावेत हे सांगण्यासाठी नव्हे. ते आपल्याकडे बेकायदा आहे. पण त्यांचा आकडा बातमी म्हणून आपल्यापर्यंत येतो. तो किती विश्वासाने वाचावा, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी भाषा समजून घेऊ. सट्टाबाजारात भाव जितका कमी, तितकी शक्यता जास्त. एखाद्या उमेदवाराचा भाव ३० पैसे असेल तर रुपया लावणाऱ्याला जिंकल्यावर ३० पैसे नफा मिळतो. म्हणजे १३० पैशांत १०० पैसे त्याचे स्वतःचे. शक्यता सुमारे ७७ टक्के. समोरच्याचा भाव अडीच रुपये असेल तर शक्यता सुमारे २९ टक्के. दोन्हींची बेरीज १०६ होते. वरचे ६ म्हणजे बुकीची कमाई. भाकीत-बाजारात, म्हणजे ज्याला इंग्रजीतून प्रेडिक्शन मार्केट म्हणतात तिथे, हाच हिशेब उघड असतो. ‘अमुक घडेल’ या विधानाचा एक हिस्सा विकत घ्यायचा. घडले तर एक डॉलर, नाही तर शून्य. हिस्सा ७७ सेंटला विकला जात असेल तर बाजाराच्या मते शक्यता ७७ टक्के.

आपल्याकडे ही पैज जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पाऊस पडेल की नाही यावर सट्टा चाले. १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा त्याला पुरेना, म्हणून १८९० मध्ये दुरुस्ती करावी लागली. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद भाव तारेने मुंबईत येत आणि त्या आकड्यांवर पैजा लागत. १९६०च्या दशकात मडक्यातून आकडे काढण्याची रीत आली आणि ‘मटका’ हा शब्द घरोघरी पोचला. कापूस पिकवणाऱ्या आमच्या भागाला त्या पिकाच्या भावाचा असाही उपयोग होतो, हे तेव्हापासून ठाऊक आहे.

भाव भविष्य सांगतो, या समजुतीलाही आधार आहे. फ्रेडरिक हायेक या अर्थशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये मांडले की ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते आणि भाव ते गोळा करतो. मोंढ्यात हे रोज दिसते. पेरा किती, पाऊस कुठे कमी पडला, तेलगिरण्यांची मागणी किती, हे सगळे कुणा एकाला माहीत नसते. सोयाबीनच्या भावात ते उतरते.

निवडणुकीत याचा पद्धतशीर प्रयोग अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने १९८८ मध्ये सुरू केला. तिथे एका माणसाला ५०० डॉलरपेक्षा जास्त गुंतवता येत नाहीत आणि व्यवहारांची नोंद अभ्यासकांसाठी खुली असते. १९८८ ते २००४ या काळातील पाच अध्यक्षीय निवडणुकांची ९६४ मतचाचण्यांशी तुलना केली, तेव्हा ७४ टक्के वेळा बाजार निकालाच्या अधिक जवळ होता.

फलोदीच्या आकड्याला असा पाया नाही. बुकी शक्यता मोजत नाही. दोन्ही बाजूंचा पैसा तोलतो. एका बाजूला पैसा फार आला की नुकसान टाळण्यासाठी भाव हलवतो. एकूण किती पैसा लागला, किती माणसांचा, हे कुणालाच तपासता येत नाही. २०२४च्या लोकसभेवेळी भाजपला ३००च्या आसपास जागांचा फलोदीचा अंदाज वर्तमानपत्रांतून आला होता. प्रत्यक्षात २४० मिळाल्या. मतदानोत्तर चाचण्याही चुकल्या. पण चाचणी घेणाऱ्याला नमुना किती, हे विचारता येते. बुकीला काय विचारणार?

नव्या बाजारांत नोंद आहे, पण मर्यादा सुटली आहे. २०२०मध्ये सुरू झालेल्या पॉलीमार्केटवर क्रिप्टो चलनात व्यवहार होतात. २०२४मध्ये एका फ्रेंच व्यक्तीने अनेक खात्यांतून ट्रम्प यांच्या बाजूने सुमारे ३ कोटी डॉलर लावले आणि तो जिंकला. ‘तुमचे शेजारी कुणाला मत देतील?’ असे विचारणारी चाचणी त्याने स्वतःच्या खर्चाने करून घेतली होती. त्याचा अंदाज बरोबर ठरला, हे खरे. तरी एवढा पैसा एका खिशातून आला की आकड्यात किती डोक्यांचे ज्ञान उतरले, हा प्रश्न उरतो. प्रतिस्पर्धी काल्शी अमेरिकी सरकारच्या नियंत्रणाखाली चालतो. निवडणुकीवरचे व्यवहार सुरू करायला त्याला २०२४मध्ये न्यायालयात लढावे लागले.

याहून अवघड प्रश्न म्हणजे पैजेचा निकाल कोण देणार? जुलै २०२४मध्ये व्हेनेझुएलात निवडणूक आयोगाने मादुरो यांना विजयी घोषित केले. विरोधकांनी मतमोजणीचे तक्ते प्रसिद्ध करून गोन्झालेझ जिंकल्याचा दावा केला. पॉलीमार्केटवरील वाद एका क्रिप्टो टोकनच्या मालकांच्या मतदानाने सुटला आणि गोन्झालेझ विजेते ठरले. जानेवारी २०२५मध्ये शपथ मात्र मादुरो यांनीच घेतली.

हसण्याआधी आपल्याकडे पाहावे. ‘निवडणुकीनंतर मुख्यमंत्री कोण?’ अशी पैज २०१९मध्ये लागली असती तर? २३ नोव्हेंबरच्या सकाळी फडणवीसांनी शपथ घेतली, २६ला राजीनामा दिला, २८ला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. पैसे कुणाला द्यायचे, हे प्रश्नाच्या शब्दांवर ठरले असते. ३० जून २०२२ला फडणवीस शपथ घेणार असे सगळे धरून चालले होते. त्यांनीच एकनाथ शिंदे यांचे नाव जाहीर केले. देशपातळीवर २००४मध्ये निकाल १३ मेला लागला, १८ला सोनिया गांधींनी पद नाकारले, २२ला मनमोहन सिंग पंतप्रधान झाले.

माझा मुद्दा इथे येतो. मतदार काय करतील, हे ज्ञान लाखो माणसांत विखुरलेले असते. बाजार ते थोडेफार गोळा करू शकतो. नेता कोण होणार, हे मात्र बंद खोलीतल्या चार-पाच जणांना ठाऊक असते. तिथे बाजारासमोर दोनच शक्यता उरतात. एक तर त्याला काहीच माहीत नसते, किंवा खोलीतल्या कुणीतरी बाहेर निरोप दिलेला असतो आणि ज्याला निरोप मिळाला तो बाकीच्यांचे पैसे नेतो. म्हणून सत्तांतराच्या पैजेचा आकडा सर्वांत आकर्षक आणि सर्वांत पोकळ असतो.

अशा फसवणुकीवर दादही नाही. १८७२च्या करार कायद्याचे कलम ३० सांगते की पैजेचा करार रद्दबातल आहे. बुकीने हात वर केले तर न्यायालय ऐकत नाही. ‘हो’ की ‘नाही’ यावर दहा रुपयांच्या आत व्यवहार करू देणारी प्रोबोसारखी ॲप आपल्याकडे आली, तेव्हा हे व्यवहार आपल्या कक्षेत येत नाहीत, इथे गुंतवणूकदाराला संरक्षण नाही, असा इशारा सेबीने एप्रिल २०२५मध्ये दिला. ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आणि प्रोबोने हे व्यवहार थांबवले. फोनवरचा बुकी मात्र कोणत्याच ॲपमध्ये नव्हता, तो राहिलाच.

जालना मतदारसंघात रावसाहेब दानवे १९९९पासून सलग पाच वेळा निवडून आले होते. २०२४मध्ये कल्याण काळे यांनी त्यांना एक लाखाहून अधिक मतांनी हरवले. त्याआधीचे वर्षभर जिल्ह्यात बोलले जात होते ते अंतरवाली सराटीच्या आंदोलनाबद्दल आणि पडलेल्या सोयाबीनबद्दल. ते ऐकायला एसटीचा प्रवास पुरेसा होता. तरी आपण फलोदीचा भाव विचारत राहिलो. पुढच्या वेळी कुणी आकडा सांगितला तर तीन गोष्टी विचाराव्यात : पैसा किती जणांचा आहे, प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत आहे आणि निकाल कोण देणार आहे? उत्तरे मिळाली नाहीत तर तो आकडा अफवेच्या खात्यात टाकावा आणि मत आपल्या हिशेबाने द्यावे.