कुठल्या दारी जावे?

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही ओट्यावर बसलो होतो. जळकोटजवळच्या एका वाडीची बाई आली. पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "गुरुजी, आमच्या मालकाला कुठं न्यावं, तेवढं सांगा."

"काय झालं, माय?" आम्ही विचारले.

ती सांगू लागली. सोयाबीन पावसात गेले. सोसायटीचे कर्ज थकले. नवरा रात्र रात्र जागा असतो. भाकरी दोन घास खातो आणि ताट सारतो. कुणाशी बोलत नाही. झोप यावी म्हणून संध्याकाळी थोडी घेऊ लागला आहे.

तिने काय काय केले होते? आधी भावाला बोलावले. भावाने दाजीला झापले, "मर्द माणूस असा बसतो का?" मग देवऋष्याकडे नेले. त्याने नारळ घेतला, पैसे घेतले. मग गावातल्या एका शिकलेल्या पोराने सांगितले, "समुपदेशन करून घ्या." पण ते कुठे मिळते, हे त्यालाही माहीत नव्हते. खरे सांगायचे तर आम्हालाही नीट माहीत नव्हते. आम्ही चार ठिकाणी विचारले, कागद वाचले. त्यातून जे कळले ते इथे लिहितो.

आधी शब्द पाहू. समुपदेशन या शब्दात उपदेश आहे, पण समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. उपदेशात एक जण सांगतो आणि दुसरा मान हलवतो. आम्ही जन्मभर तेच केले. समुपदेशनात आधी दुखणाऱ्याने बोलायचे असते. समुपदेशक ऐकतो, विचारतो, आणि वाट शोधायला मदत करतो. तो रागे भरत नाही. ऐकलेले गावभर करत नाही.

पण सगळ्या दुखण्यांचा समुपदेशक एक नसतो. दात दुखला तर आपण हाडाच्या डॉक्टरकडे जात नाही. इथेही तसेच आहे.

आम्ही स्वतः इथे चुकलो आहोत. आम्ही शाळेत असताना दहावीचा एक हुशार मुलगा एकाएकी मागच्या बाकावर बसू लागला. त्याचे गणित बिघडले. आम्ही त्याला बोलावून पुढे कोणती शाखा घ्यावी यावर तासभर सांगितले. वर जास्तीची गणिते दिली. त्याला आजीने वाढवले होते. ती वारल्यापासून तो रात्री झोपत नव्हता. हे आम्हाला वर्ष संपल्यावर कळले. त्याचे वर्ष गेले ते गेलेच.

पुढे काय शिकावे, हा एक प्रश्न. त्यासाठी शाळेतला जाणता शिक्षक चालतो. पोर खात नाही, झोपत नाही, हा दुसरा प्रश्न. त्याला मनाचा जाणकार लागतो. आपल्या भागातली पुष्कळ मुले आज शिकवणीसाठी लातूरला खोली घेऊन राहतात. फोनवर आपण एवढेच विचारतो, "मार्क किती पडले?" जेवलास का, झोप लागते का, हेही विचारावे. उत्तर तुटक येऊ लागले तर एसटी धरावी आणि जाऊन पाहावे.

आता त्या बाईकडे येऊ. तिच्या घरात तीन गाठी एकात एक बसल्या होत्या. मन खचलेले, दारू, आणि कर्ज. आधी कोणती सोडवावी? आमचे मत असे की जिवाला धोका असेल तर ती गाठ आधी. आम्ही तिला विचारले, "मरणाची भाषा करतात का?" ती गप्प बसली. मग म्हणाली, "एकदा म्हणाले, मी नसलो तरी काय अडतंय."

असे कुणी बोलले तर हसण्यावारी नेऊ नये. जवळ बसून सरळ विचारावे, "जीव द्यावा असं मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट माणूस मोकळा होतो. घरातले फवारणीचे औषध त्याच दिवशी दुसरीकडे हलवावे. त्याला एकटे सोडू नये. दवाखाना गाठावा. पोलिसांची भीती वाटून काही घरे अशी गोष्ट लपवतात. 2017 सालच्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न धरता ताणाखाली असलेला माणूस मानले आहे. त्याची काळजी घेणे सरकारचे काम आहे, असे तो कायदा म्हणतो.

रात्री-अपरात्री कुणी जवळ नसेल तर 14416 हा नंबर लावावा. ही 'टेली मानस' सेवा 2022 साली सुरू झाली. पैसे लागत नाहीत. मराठीत बोलता येते. बोलायला लाज वाटत असेल त्यालाही हा नंबर बरा. आपल्या भागात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढल्या, म्हणून महाराष्ट्र सरकारने 2015 साली 'प्रेरणा प्रकल्प' काढला. तो मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा 14 जिल्ह्यांसाठी होता. त्यात आशाताईंनी घरोघर जाऊन खचलेली माणसे हेरायची आणि दवाखान्यापर्यंत पोचवायची, असे ठरले. म्हणून गावातल्या आशाताईला सांगायला संकोच करू नये.

"नुसतं बोलून काय होणार?" असे बाईने विचारले. प्रश्न रास्त आहे. गोव्यात 'संगाथ' नावाची संस्था आहे. तिने डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना शिकवून तयार केले. त्यांनी सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, मनाने फार खचलेल्या लोकांशी सहा ते आठ बैठका केल्या. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा या लोकांतले जास्त जण बरे झाले. हा अभ्यास 2017 साली 'लॅन्सेट' या डॉक्टरांच्या नामांकित नियतकालिकात छापून आला. तेव्हा बोलण्याने होते. पण एका बैठकीत होत नाही.

काही दुखण्यांना मात्र बोलणे पुरत नाही. नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी मारायला टपले आहे असे सारखे वाटते, माणूस अंगावर धावतो. इथे मानसोपचाराचा डॉक्टर हवा. गोळ्या तोच देतो, समुपदेशक देत नाही. फिट येणे हा तर मेंदूचा आजार आहे. त्याला चप्पल हुंगवू नये, डॉक्टरला दाखवावे. आणि बाहेरची बाधा म्हणून मारहाण करणे, चटके देणे हा 2013 पासून महाराष्ट्रात गुन्हा आहे.

दारूचे थोडे वेगळे आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर हातपाय थरथरतात, भ्रम होतो, फिटही येते. म्हणून सोडवायची ती डॉक्टरच्या नजरेखाली. चहातून गुपचूप औषध घालण्याच्या जाहिरातींना भुलू नये. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी 1986 साली 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अशा केंद्रात पिणाऱ्याबरोबर घरच्यांशीही बोलतात. ते हवेच. नवऱ्याच्या दारूने बायकोचेही मन झिजलेले असते.

नवरा-बायकोचे पटत नसेल तर दोघांना समोर बसवून बोलणारा समुपदेशक असतो. पण एक भेद ध्यानात ठेवा. भांडण निराळे आणि मार निराळा. मार खाणाऱ्या बाईला मारणाऱ्याशेजारी बसवून "दोघांनी समजुतीनं घ्या" म्हणणे याला आम्ही समुपदेशन म्हणत नाही. तिने काय बोलावे? घरी परत त्याच्याच हाती जायचे असते. आमच्याही हातून अशा तडजोडी झाल्या आहेत. आज त्यांची लाज वाटते. अशा बाईने 181 वर फोन करावा. जीव धोक्यात असेल तर 112. 2005 च्या कायद्याने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटावे. बायकांना सरकारकडून वकील फुकट मिळतो. त्यासाठी कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज द्यावा.

दार बरोबर आहे की नाही हे कसे ओळखावे? शिक्षण काय झाले, हे सरळ विचारावे. खरा माणूस चिडत नाही. तो आजाऱ्याशी एकट्याने बोलतो, घरच्यांनाच सगळे विचारत नाही. फी आधी सांगतो. आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तर डॉक्टरकडे पाठवतो. "तीन दिवसांत बरा करतो, खात्रीनं" म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

ती बाई नवऱ्याला घेऊन उदगीरच्या सरकारी दवाखान्यात गेली. पहिल्या खेपेला तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या खेपेला यायलाच तयार नव्हता. आम्ही सोबत गेलो आणि बाहेर बाकावर बसलो. तिसऱ्या खेपेला तो आत बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. म्हणाला, "गुरुजी, च्या घेऊ या." कर्ज तसेच आहे. पण सोसायटीच्या सचिवाकडे हप्ते बांधून मागायला तो आता स्वतः जातो. पहिले तेही होत नव्हते.

तुम्ही जाणार असाल तर आधी फोन करून मनाचा डॉक्टर कोणत्या वारी बसतो ते विचारा. आधीच्या गोळ्यांची पाकिटे आणि चिठ्ठ्या पिशवीत घ्या. आधार कार्ड घ्या. आणि सकाळच्या पहिल्या गाडीने निघा, दुपारनंतर केस पेपर मिळत नाही.